माझी टोळी डोंगरामागे आहे

रविवारी दुपारी तीन ते सात मला कुणी लग्नाला, तेराव्याला किंवा दवाखान्यात नेऊ नये, असं मी घरात सांगून ठेवलं होतं. सुनेने विचारलं, "दवाखान्यात म्हणजे? तुम्ही आजारी पडलात तरी?" मी म्हणालो, "सोमवारी पडेन."

हे वाचून वाटेल म्हातारा भजनाला बसतो. नाही. मी खेळायला बसतो. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, वीस बाजूंचा फासा घेऊन. ती बसायची जागा माझ्या हातून कशी जायला आली ते मी स्वतः लिहितो आहे, कारण आमच्या घरात प्रत्येक जण ते वेगळं सांगतो आणि सगळेच चुकीचं सांगतात.

माझं शिक्षण चौथी. चौथीत मास्तरांशी पटलं नाही म्हणून सोडलं. चूक मास्तरांची होती. पुढे चाळीस वर्षं यावलच्या बाजूला केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम होतो. बागेत शिरायचं आणि सांगायचं, हा घड आज उतरवा, तो चार दिवस राहू द्या. केळ बोटांत धरून फिरवलं, कडा किती बोथटल्या ते बघितलं, झालं. एकदा व्यापाऱ्याकडचा एक शिकलेला माणूस छापील कागद घेऊन आला. लागवडीपासून इतके दिवस झाले की कापणी करा, असं त्यात होतं. मी म्हटलं, "भाऊ, हा कागद केळीला वाचून दाखव. तिने ऐकलं तर कापतो." तो परत दिसला नाही. सांगायचा मुद्दा, मी निकाल देणारा माणूस आहे. माझ्यावर कुणी निकाल दिलेला मला सोसत नाही.

आता मी जळगावला मुलाकडे असतो. बाहेरच्या खोलीत कूलरसमोर माझा दिवाण आहे. नात घरी बसूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते, शनिवार-रविवार मोकळी असते. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी तिने माझ्या दिवाणाला टेबल आणून लावलं.

"आबा, आज आतल्या खोलीत झोपता का?"

"काहून? माझ्या दिवाणाला काय झालं?"

"आम्हाला खेळायचंय. आरडाओरडा होईल."

"कूलर इथं आहे. मी इथं आहे. तुम्ही आत जा."

ती माझीच नात. म्हणाली, "मग झोपू नका. खेळा."

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एक जण खेळवतो, बाकीचे सोंगं घेतात. खेळवणारा सांगतो, तुम्ही जंगलात आहात, समोर नदी आहे, पूल मोडलाय. मग प्रत्येकाने आपलं सोंग काय करतं ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर गेलात वाहून. आमच्याकडे खेळवणारी नात. तिच्याजवळ विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक, त्यात नियम. आणि पुस्तकात जे नसेल ते ती ठरवणार. भांडणाचं मूळ इथंच आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि जरा हुशार झालो.

खेळायला दोघं यायचे. एक नर्सबाई, माहेर धुळ्याकडचं, नोकरी इथल्या दवाखान्यात. गप्पा मारताना अहिराणीत घसरायच्या आणि पोट धरून हसायच्या. दुसरा वरणगावचा. चाळिशीचा, सरकारी कारखान्यात कामाला, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि एक छोटी पट्टी. पट्टी कशाला, मी विचारलं. म्हणाला, "रेघ मारायला." असा माणूस.

नातीने मला विचारलं, "आबा, तुम्ही कोण होणार? लढवय्या, जादूगार, चोर, पुजारी?"

"मुकादम."

"मुकादम नाहीये यात."

"मग तुझा खेळ अर्धवट आहे. ज्या जगात चोर आहे तिथं मुकादम नाही?"

"आबांचं बरोबर शे," नर्सबाई म्हणाल्या.

नातीने विचार केला. "बरं. लढवय्या धरते. हातात केळी कापायचा विळा."

"आणि टोळी?"

"कसली टोळी?"

"बारा माणसं. टोळीशिवाय मुकादम म्हणजे नुसता रिकामटेकडा म्हातारा."

वरणगावच्याने पुस्तक उघडलं. पान त्याला पाठ होतं, तरी उघडलं. "एका खेळाडूला एक कॅरेक्टर. यांना बारा माणसं दिली तर आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

नातीने पेन गालाला लावलं. मग म्हणाली, "टोळी आहे. पण ती डोंगराच्या मागे आहे. चालत येतेय."

"केव्हा पोचेल?"

"ते मी ठरवणार."

मला हे पटलं. टोळी कधीच वेळेवर येत नाही, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. त्या दिवसापासून दर रविवारी बसल्या बसल्या मी विचारायचो, "माझी टोळी पोचली का?" आणि नात न बघता म्हणायची, "नाही आबा. अजून डोंगरामागेच." वरणगावचा दात आवळायचा. त्यासाठीच मी विचारायचो, हे कबूल करतो.

तो स्वतः चोर झाला होता. आठवडाभर नियमाने नोकरी करणारा माणूस रविवारी चोर, पण चोरीसुद्धा नियमाने. कुलूप कसं उघडायचं, किती आकडा लागतो, आज किती शिकलं, सगळं वहीत. त्या चोराची करंगळीएवढी मातीची मूर्ती त्याने स्वतः केली होती आणि रंगवली होती. कापसात गुंडाळून आणायचा.

पहिला मोठा तंटा दिवाळीनंतर झाला. नातीच्या गोष्टीत एक पूल होता आणि पुलावर पहारेकरी. एकच, पण राक्षसाएवढा. पुलाच्या फाटकाला कुलूप. वरणगावचा म्हणाला, मी मागून जातो, कुलूप उघडतो. नर्सबाई म्हणाल्या, मी जादूने त्याला झोपवते. दोघांनी फासे हातात घेतले.

मी म्हटलं, "त्याला जेवायला बोलवा."

"काय?"

"तुझ्या गोष्टीत आत्ता कोणता ऋतू आहे?"

"हिवाळा," नात म्हणाली.

"मग झालं. बामणोदची हिरवी लांब वांगी आणायची. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर भाजायची, गॅसवर नाही. लाकडी भांड्यात ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वारा त्याच्याकडे जाईल अशा बाजूला बसून करायचं."

"थांबा ना आबा," नर्सबाई म्हणाल्या, "माले भूक लागनी."

वरणगावच्याने विचारलं, "भरिताला किती आकडा लागतो?"

"लागत नाही," नात म्हणाली. "पहारेकरी येऊन बसला. दोन भाकरी खाल्ल्या. फाटक त्याने स्वतःच उघडलं."

"फासा न टाकता?"

"फाशाची गरज नाही. मी आबांच्या हातचं भरीत खाल्लंय."

मी नर्सबाईंकडे बघून मिशीला हात लावला. वरणगावच्याने पुस्तक मिटलं. हळू मिटलं. मोठ्याने मिटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"आबा," तो म्हणाला, "आमच्या कारखान्यात दारूगोळ्याचं काम चालतं. तिथं कुणी अंदाजाने काही करत नाही. गेटवर काडीपेटी काढून घेतात, चपला बदलायला लावतात, आणि का म्हणून कुणी विचारत नाही. नियम आहे म्हणून आम्ही संध्याकाळी घरी येतो. मी इथं रविवारी तेवढंच मागतोय. आज भरिताने पूल सुटला, उद्या शेवभाजीने राजवाडा सुटेल."

"सुटला तर तुझं काय गेलं?"

"मग मी सहा महिने कुलपं उघडायला का शिकलो?"

मुद्दा त्याचा खरा होता. म्हणून मी मोठ्याने बोललो. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी तो म्हणाला, "एक तर नियम, नाहीतर मी येत नाही." नात म्हणाली, "तू गेलास तर दोघांत काय खेळायचं? मग बंदच करते." आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्याने मी जरा गडबडलो. बंद म्हणजे बंद? तोपर्यंत मला वाटत होतं, मी कूलरसाठी बसतो.

खरं सांगतो. टोळी सोडून मी शहरात आलो तेव्हापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. मुलाला काही हवं असलं की तो मोबाइलला विचारतो. सून केळी घ्यायला जाते तेव्हा केळीवाल्याला विचारते, पिकलेली आहेत का. केळीवाल्याला! घरात मी असताना! फक्त रविवारी त्या टेबलाशी दर पाच मिनिटांनी कुणीतरी माझ्याकडे वळून विचारायचं, "आबा, आता तुम्ही काय करता?" आणि मी जे म्हणेन ते घडायचं, नाहीतर मी सपशेल आपटायचो, पण विचारल्याशिवाय पुढे कुणी जायचं नाही. ही जागा जाऊ द्यायची नव्हती. हे मी तोंडाने बोललो नाही. मी म्हटलं, "काय लिहायचं ते लिहा. माझं काही अडत नाही."

वरणगावच्याने कागद लिहिला. मराठीत, मला वाचता यावा म्हणून मोठ्या अक्षरात, खाली पट्टीने रेघा मारून. सहा ओळी. फासा टेबलावर पडला की पडला, तो आकडा अंतिम. टेबलाखाली गेला तर पुन्हा टाकायचा. सापळ्यावर एकचा आकडा पडला तर कॅरेक्टर मेलं, दुसरी संधी नाही. पुस्तक बोलत असेल तिथं पुस्तक, पुस्तक गप्प असेल तिथं खेळवणारी. तिने निकाल दिल्यावर वाद नाही. आणि शेवटची ओळ: तीन वेळा नियम मोडणाऱ्या खेळाडूने खेळाडूची जागा सोडावी. ती ओळ लिहिताना तो माझ्याकडे बघत नव्हता, त्यावरूनच कळलं ती कुणासाठी आहे.

मी सही केली. मी अंगठा देत नाही. सहीला मला वेळ लागतो, सगळे थांबतात, पण केली की केली. आयुष्यात मी मोजक्या सह्या केल्या आणि एकीवरूनही मागे फिरलो नाही.

पहिला नियम मी त्याच संध्याकाळी मोडला. फासा घरंगळून दिवाणाखाली गेला. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, "अठरा."

"आबा," नर्सबाई म्हणाल्या, "तुमचा चष्मा टेबलवर शे."

"एक," वरणगावचा म्हणाला, आणि वहीत पट्टी लावून रेघ मारली.

त्यानंतर मी दोन-अडीच महिने असा सरळ वागलो की नर्सबाईंनी एकदा माझं बीपी मोजलं. एरंडोलला भाच्याच्या घरचं लग्न निघालं, नेमकं रविवारी. घरच्यांना वाटलं आता म्हाताऱ्याचा खेळ बुडला. मी अक्षता टाकल्या, पंगत बसायच्या आधी निघालो. भाचा मागे धावला, "मामा, जेवण?" मी म्हटलं, "पुलाच्या पलीकडे माणसं अडकलीत." एसटीत बसल्यावर लक्षात आलं, हे त्याला नीट समजलं नसणार. अजून त्या घरात मला बघून दबकून बोलतात.

दुसरा नियम मोडला त्यात मात्र माझी बाजू खरी होती. खेळात मी एव्हाना एक बैलगाडी कमावली होती. नात म्हणाली, "वाटेत चिखल लागला. आबा, तुमची बैलगाडी रुतली. ती सोडून चालत जावं लागेल."

"गाडी सोडून? मी?"

"खूप खोल रुतलीय."

"पुस्तकात दाखव कुठं लिहिलंय."

"पुस्तकात नाहीये. मी ठरवलंय."

"असं कसं ठरवतेस मनाने? निकालाला काही आधार पाहिजे की नको? उद्या म्हणशील बैल उडाले!"

मी पुढे बोलणार होतो, पण नर्सबाईंनी पदर तोंडाला लावलेला दिसला. छापील कागदवाल्या माणसाची गोष्ट त्यांनी माझ्याकडून चार वेळा ऐकली होती.

"आबा," त्या म्हणाल्या, "तो पुस्तक बैलले वाची दखाडा ना."

"दोन," वरणगावचा म्हणाला. पण या वेळी त्याचा आवाज तितका कडक नव्हता. मी नियम मागितला म्हणून त्याला आतून गुदगुल्या होत होत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग परत उन्हाळा आला, कूलर लागला. खेळ डोंगरापाशी आला होता. डोंगराच्या पोटात बोगदा, बोगद्याच्या टोकाला लोखंडी पेटी, पेटीला कुलूप. नात म्हणाली, कुलूप नीट नाही उघडलं तर वरचं छत कोसळेल. वरणगावचा एकटा पुढे गेला. म्हणजे त्याचा चोर. मूर्ती त्याने पुढे सरकवली, आम्हाला म्हणाला, तुम्ही मागे थांबा. वर्षभर तो ज्या कुलपासाठी शिकत होता ते हेच.

फासा टाकला. टेबलाच्या मधोमध थांबला. एक.

कूलरच्या पंपाचा आवाज येत होता. वरणगावच्याने फासा उचलला नाही. खिशातून पेन्सिल काढली, पट्टी काढली आणि चोराचा सगळा हिशेब लिहिलेल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. पट्टी लावून. मेलेल्यावरसुद्धा रेघ सरळ. मग ती मातीची मूर्ती आडवी ठेवली.

"मेलो," तो म्हणाला. "पुढे चला."

मी म्हटलं, "थांबा. माझी टोळी पोचली."

"आबा, पोचलेली नाहीये," नात म्हणाली.

"पोचली. डोंगराच्या मागे होती ना? हा बोगदा डोंगरातूनच जातो. पलीकडच्या तोंडाने आत शिरली. बारा माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर बांबू. लागलेल्या केळीला टेकू देतात ते. छत खाली यायच्या आत बारा टेकू लागले."

"अय्या, खरंच!" नर्सबाई म्हणाल्या.

नातीने पुस्तकावर हात ठेवला. "आबा, निकाल झालाय. आता बोलू नका. तिसरी वेळ होईल."

तिने सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही. मला रेघ दिसत होती, कागद दिसत होता, माझी सही दिसत होती. घरात नंतर सगळे म्हणायला लागले की आबांना त्या माणसाची दया आली. दया-बिया काही नव्हती. एका माणसाने वर्षभर कुलपं उघडायची आणि बोराएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्याने त्याला एका क्षणात पुरून टाकायचं, हा त्या तुकड्याचा माज मला बघवला नाही.

"टोळी पोचली," मी म्हणालो. "लिही."

पहिला उसळला तो वरणगावचाच. "तुम्हाला कुणी सांगितलं मला वाचवायला? नियम मीच लिहिलाय. मला मरू द्या!"

"मर की. पण माझी माणसं आत असताना नाही."

"मी मेलोय, आबा!"

"मेलेला माणूस इतका ओरडत नाही."

नर्सबाईंना हसू आवरेना, पण नात हसली नाही. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की मी तिला कुठं नेऊन उभं केलंय. मला माफ केलं तर कागद गेला, आणि कागदाबरोबर वरणगावचा गेला. माफ नाही केलं तर आबा गेले. ती म्हणाली, "या वेळेपुरतं..."

मी उठलो. "या वेळेपुरतं काही नाही. सही माझी आहे. तीन झाले."

आणि मग त्या माणसाने काय म्हणावं? म्हणाला, "आबा, बसा. परिस्थिती बघून घ्यायला पाहिजे. कागदच सगळं नसतो."

"कागदात परिस्थिती लिहिलीय का?"

"नाही, पण..."

"मग कशाला बोलतोस? पुस्तक गप्प, कागद बोलतोय. रेघ मार."

त्याने मारली नाही. मीच त्याची पेन्सिल घेऊन मारली. पट्टी न लावता, तिरपी. मग आतल्या खोलीत जाऊन पडलो. आतल्या खोलीत कूलर नाही. दीड तास मी तिथे घाम गाळत, अभिमानाने पडून होतो. मध्ये सून पाणी द्यायला आली, म्हणाली, "बोलावतायत तुम्हाला." मी म्हटलं, "मी सही पाळतोय, सांग."

पुढच्या शनिवारी मी यावलच्या बसमध्ये बसलो. धाकट्या भावाची बाग तिकडे आहे. सांगितलं, बाग बघायचीय. पहिला रविवार मी घड बघण्यात काढला. दुसरा रविवार भावाला त्याचं काय काय चुकतंय ते सांगण्यात काढला. तीन वाजले की मी घड्याळ बघायचो. भाऊ म्हणाला, "कुठं जायचंय का?" मी म्हटलं, "कुठं नाही." तो म्हणाला, "मग जा ना कुठंतरी." माझा सख्खा भाऊ.

तिसऱ्या रविवारी सकाळी बांधावर मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढलं तर वरणगावचा. पाठीवरच्या पिशवीतून त्याने प्लास्टिकची फाइल काढली, फाइलीतून कागद. पाणीसुद्धा प्यायला नाही.

"आबा, मी कागद परत वाचला."

"सहा ओळी. तीन आठवडे लागले?"

"यात लिहिलंय, खेळाडूची जागा सोडावी. तुम्ही सोडली. नियम पूर्ण झाला. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, खेळवणारीच्या शेजारी जी जागा आहे, तिच्याबद्दल कागद गप्प आहे. कागद आणि पुस्तक गप्प असेल तिथं खेळवणारीचं चालतं. मी तिला विचारून आलोय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पहारेकरी, नावाडी, दुकानदार, राजे, सगळ्यांची तोंडं मी एकटीने किती दिवस चालवू? आबांनी काही घ्यावीत."

"म्हणजे तू पळवाट काढलीस."

त्याला खरोखर राग आला. "पळवाट नाही! हा अर्थ आहे. लिहिलंय तेवढंच वाचलं की हाच निघतो. जास्तीचं तुम्ही मनाने वाचलंत, इकडे निघून आलात."

आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी कमी वाचायला सांगत होतं. मी विडी पेटवली, कारखान्याच्या माणसासमोर मुद्दाम. "आणि तू? तू तर मेलास."

"मेलोच. ते तसंच आहे." हे सांगताना त्याची मान ताठ होती. "पण तिने निकाल दिलाय. टोळी पोचली, फक्त छत पडल्यावर पोचली. बारा जणांनी मला बाहेर काढलं आणि डोंगराखाली नीट जाळलं. बांबूंवर."

"बाराही बांबू?"

"बाराही."

"माझ्या माणसांनी काम चांगलं केलं," मी म्हटलं.

"मी आता नवीन कॅरेक्टर केलंय. वाटाड्या. पुस्तकात आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "येताय ना? तीनला सुरू करायचंय."

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी त्याला बाग दाखवली. एक घड हातात धरायला लावला, कडा कशा बघायच्या ते सांगितलं. त्याने खिशातून पट्टी काढून केळ्यावर लावली. मी लावू दिली. भाऊ लांबून बघत होता आणि माझी पिशवी त्याने आधीच भरून ठेवली होती.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी टेबलाच्या पलीकडे नातीशेजारी बसलो. दिवाण आता समोरून दिसत होता, त्यावर नर्सबाई. नातीने माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली, मोठ्या अक्षरात: राजा. मी म्हटलं, चालेल.

पहिल्याच तासाला राजाच्या दरबारात खटला आला. नर्सबाईंच्या जादूगारणीने राजाच्या बागेतलं औषधाचं झाड उपटलं होतं, एका आजारी पोरीसाठी. वरणगावच्याने पुस्तक उघडलं. "राजाच्या मालमत्तेला हात लावला तर काय, ते स्पष्ट आहे. मी माझ्याच माणसाविरुद्ध बोलतोय, पण आहे ते आहे."

"आबा," नर्सबाई म्हणाल्या, "पोर मरी जाती ना. तुम्हीच सांगा आता."

मी नातीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "राजाला पुस्तकाचं बंधन नाही. तुम्ही ठरवा."

दोघं माझ्याकडे बघत होते. एकाचं बोट पानावर, दुसरीचे हात जोडलेले. मी घसा साफ केला. म्हटलं, राजा विचार करून निकाल देईल, तोपर्यंत दरबारात कुणी बोलायचं नाही. आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

चहा येईपर्यंत दोघंही हूं की चूं न करता बसले. मला ते इतकं आवडलं की मी दुसरा कप मागवला.